करपलेला पहिला नंबर

पिंप्राळ्यात आमच्या शेजारी राहणारे नाना मूळचे पारोळ्याकडचे. वर्षभरात आलेल्या अहिराणी गाण्यांच्या अल्बमांना नंबर लावायचा त्यांना भारी नाद. पद्धत स्वतःची. थंडी पडली की अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून ते भरताची वांगी भाजायला बसतात आणि मोबाइलवर एकेक अल्बम लावतात. जो ऐकताना वांगी करपतील, तो वरचा. वांगी नीट भाजली गेली तर गाण्यात दम नाही. "ध्यान गाणामा गयं ते हात थांबस," एवढंच त्यांचं म्हणणं. ज्या वर्षी गाणी चांगली निघतात, त्या वर्षी गल्लीला भरीत खाववत नाही.

यंदा त्यांच्या जावयाचाच अल्बम आला. माहेरी आलेली लेक ओट्यावर बसून बापाच्या हाताकडे बघत होती. दोन गाणी झाली. नाना वांगी इतकी वेळेवर उलटत होते, की मला तिच्याकडे बघवेना. तिसऱ्या गाण्याला त्यांनी मान वर केली, लेकीकडे एकदा पाहिलं, चिमटा खाली ठेवला आणि डोळे मिटून डोलायला लागले. तालाशी त्याचा काही संबंध नव्हता. जळका वास सुटला तशा नाकपुड्या थरथरल्या, पण डोळे उघडले नाहीत.

"पहिला नंबर," शेवटी ते म्हणाले.

रात्री लेकीला न्यायला आलेल्या जावयाने जेवताना पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. "मामा, भरीत करपी गयं."

"गुपचूप खा, जवाईबापू," नाना म्हणाले. "तुमनाच पराक्रम शे."