चाळीस जणांची यादी

विद्यापीठाच्या ग्रंथालयात ग्रंथपाल म्हणून तिला एकोणीस वर्षं झाली होती. पोरं तिला ताई म्हणत, पण तिच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. रसायनशास्त्राच्या सरांशी मात्र तिचं चांगलं जमायचं. पहिल्या वर्षाची निम्मी पोरं नापास का होतात, याचं संशोधन दोघांनी मिळून हाती घेतलं. ती वर्षभर अधूनमधून सरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसली. मग ग्रंथालयाच्या आतल्या खोलीत चाळीस पोरांशी एकेक करून बोलली. नाव कुठेही येणार नाही, असा प्रत्येकाला शब्द दिला.

पोरं घडाघडा बोलली. पुस्तक कळत नाही, पण विचारायचं कुणाला? ताई, तुम्ही वर्गात नसलात की सर डस्टर फेकून मारतात. एकाची भुवई फुटली होती. एकीचं डोकं त्यांनी फळ्यावर आपटलं होतं.

तिने सगळं लिहिलं आणि मसुदा सरांनाच वाचायला दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते खोलीत आले आणि त्यांनी आतून कडी घातली. एरवी अहो-जाहो करणारा माणूस एकदम एकेरीवर आला.

"कोण बोललं? यादी काढ."

"नाही मिळायची."

"माझ्याच वर्गात बसून माझ्याच जिवावर उठलीस?"

त्यांनी तिचं मनगट धरून पिरगाळलं. काडकन आवाज झाला. तिने नडगीवर लाथ घातली, तसं त्यांनी तिला लोखंडी मांडणीवर ढकललं. वरचे ग्रंथ धडाधड अंगावर आले. कपाळातून रक्त डोळ्यात उतरलं. डाव्या हाताला लागला तो जाडजूड कोश उचलून तिने त्यांच्या तोंडावर हाणला. दात तुटून फरशीवर पडला. शिपायाने दार फोडलं, तेव्हा सर तिचे केस धरून ओढत होते.

चौकशी समितीचे अध्यक्ष म्हणाले, "त्या मुलांना पुढे आणा, सरांना आजच घरी बसवतो."

"शब्द दिलाय मी."

"मग ही फक्त तुम्हा दोघांची मारामारी ठरते, बाई."

तसंच झालं. सरांची बदली, तिला लेखी ताकीद.

थोरली बहीण कडाडली, "हात मोडून घेतलास, वर ताकीद! कोण लागतात गं ती पोरं तुझी?"

"कुणी नाही," ती म्हणाली, आणि पालथी पडून रडली. आपण चुकलो का, हे तिला कधीच ठरवता आलं नाही.

संशोधन तिच्या एकटीच्या नावाने छापून आलं. मनगट वाकडंच जुळलं. वरच्या फळीवरचं पुस्तक काढताना अजून तिच्या तोंडून शिवी जाते, आणि पोरं हसू दाबत स्टूल आणायला पळतात.