वीतभर माणूस

लढाईच्या दिवसांत केडगावला आमच्या शेजारी तंबूतल्या सिनेमाचे ऑपरेटर राहायचे. शाडूत मेण-तेल मळून, तारेच्या सांगाड्यावर लिंपून त्यांनी वीतभर माणूस केला होता. त्याला केसभर हलवायचे, फोटो काढायचे, पुन्हा हलवायचे. "पडद्यावर ह्यो चालनार," म्हणायचे. उन्हानं त्याचे पाय रोज वाकायचे. हे रोज सरळ करायचे.

आठवडाभराचे फोटो झाल्यावर मी शहाण्यानं त्याचं वाकडं नाक बोटानं सरळ केलं. आता ते आधीच्या फोटोंशी जुळेना.  मग अख्खा माणूस चुरगळून ऑपरेटरांनी त्याचा गोळा केला.

"पयल्यापासनं घिऊ. तुमी फकस्त हलू नका."

मी तासभर त्यांच्यासमोर बसलो. नव्या माणसाला माझं नाक होतं. तेही वाकडंच.