आप्पांचा मेलेला कान आणि नसलेली पेटी

इथले भुताखेतांचे अनुभव मी जेवताना वाचतो आणि बायकोला वाचून दाखवून हसतो, हे आधीच कबूल करतो. मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. आवाज कुठून येतो, कुठे जातो, हे मला माहीत असतं. आवाज आला नाही तर आधी वायर बघायची, मग प्लग, मग साऊंडवाल्याशी भांडायचं... भुताचा नंबर कधी लागलाच नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

आमचं गाव वडूजजवळ. वडील, म्हणजे आप्पा, तोफखान्यात होते. सरावाच्या वेळी डावा कान कायमचा गेला. नसच मेली, असं तेव्हाच मिलिटरीच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. एका कानाच्या माणसाला आवाज कुठल्या बाजूनं आला ते कळत नाही. रानात हाक मारली की आप्पा भलतीकडेच बघणार. म्हणून आमच्या घरात त्यांना कुणी हाक मारतच नाही, समोर जाऊन हात करायचा.

माझ्या कार्यक्रमाला ते कधी आले नाहीत. "तुमचा तो गलका माज्या डोक्यात शिरत न्हाई," म्हणायचे. मला वाटायचं, पोरगा फौजेत गेला नाही याचा राग आहे. पंधरा वर्षं मीही त्याचा राग मनात धरून होतो. आणि दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा कानही उतरायला लागला. सांगलीच्या डॉक्टरांनी आलेख दाखवला. डावीकडे सपाट रेघ, उजवीकडे घसरगुंडी. "चार-सहा महिने धरा," म्हणाले. या माणसानं मला एकदाही ऐकलेलं नाही आणि आता ऐकणारही नाही... मला एवढंच पाहिजे होतं, एकदा ऐकावं.

त्याच दिवशी सांगलीतच आमचा कार्यक्रम होता. डॉक्टरांनी उजवा कान साफ करून, औषध घालून कापसाचा बोळा बसवला. आम्ही तिथून सरळ हॉलवर गेलो. दुपारचे तीन वाजलेले. हॉल रिकामा, फक्त साऊंडवाला मुनीर वायरी जोडत होता.

आता माझ्या डब्याबद्दल सांगतो. पूर्वी मी टेम्पोतून भलामोठा ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची पेटी न्यायचो. कंबर गेली. मग हा स्टिरिओ डीआय बॉक्स घेतला, टिफिनएवढा. गिटारची वायर यात घालायची, डावी-उजवी अशा दोन वायरी निघतात, त्या सरळ साऊंडवाल्याच्या मिक्सरला. गंमत म्हणजे, समोर खरी पेटी ठेवून माईक लावल्यावर जसा आवाज येईल तसा हा डबा स्वतःच बनवतो. पेटी नाहीच, फक्त तिचा आवाज. एका बटणानं तो खोटा माईक पेटीपासून जवळ-लांबही करता येतो.

मी आप्पांना मिक्सरपाशी खुर्चीत बसवलं, मुनीरचे हेडफोन चढवले आणि त्यांच्या पाठीमागे उभा राहून वाजवायला लागलो. लोकांची गाणी नाही, माझी स्वतःची एक चाल. ती मी तोवर कुणापुढे वाजवली नव्हती. डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे बराच चुकलो पण.

थोड्या वेळानं आप्पांनी हात वर केला. डावीकडे, जरा मागे, बोट दाखवलं.

"पेटी तितं ठिवलीयास व्हय? धा-बारा फुटावर?"

तिथे काही नव्हतं. रिकाम्या खुर्च्या. पण डाव्या बाजूची खोटी पेटी मी डब्यात तशीच लावली होती, लांब आणि कोपऱ्यात.

मुनीर म्हणाला, "अंदाजानं बोलले असतील." त्यानं गुपचूप उजवी बाजू पूर्ण बंद केली, म्हणजे आवाज फक्त मेलेल्या डाव्या कानात. मी वाजवत राहिलो. आप्पांचं बोट मांडीवर ताल धरून होतं, एकही मात्रा चुकत नव्हती. मग मी पायानं डब्याचं बटण फिरवलं. आप्पांची पाठ आमच्याकडे होती.

"आता जवळ आनलीस. व्हय की न्हाई?"

माझा हात थांबला. आता ऐकू येतंय ते उजव्या कानानंच असणार, झिरपत असेल, म्हणून मी हेडफोन काढले. उजव्या कानात कापसाचा बोळा तसाच होता. तो काढायचा असतो हे गडबडीत मी विसरलोच होतो... मुनीरनं उजवी बाजू बंदच आहे ना, ते पुन्हा तपासलं. मी आप्पांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन जोरात "आप्पा" म्हणालो. ते समोरच बघत होते.

पुढे पुन्हा तपासणी केली. डावीकडे तीच सपाट रेघ. डॉक्टर म्हणाले, "कंप जाणवला असेल." असेल बापडा. पण कंपावरून पेटी किती फुटांवर आहे ते कळतं का? मी घरी वीस-पंचवीस वेळा प्रयत्न केला. तोच डबा, त्याच वायरी, मुनीरचे तेच हेडफोन. आप्पा मान हलवायचे, "न्हाई रं." मी डबा उघडून बघितला, शिव्या घातल्या, त्याला हळदकुंकूसुद्धा लावलं. काही नाही.

उजवा कान पावसाळ्याआधीच बंद झाला. आता सगळं मोबाईलवर लिहून दाखवतो. एकदा लिहिलं, "आप्पा, तेव्हा खरंच ऐकलंत?" त्यांनी वाचलं आणि मोबाईल परत दिला. मला रडू आलं, रागही आला.

मागच्या आठवड्यात सकाळी दात घासत होतो. आप्पा गोठ्यात म्हशीपुढे वैरण टाकत होते आणि गुणगुणत होते. ठार बहिरा माणूस, स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नाही. माझीच चाल होती, पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत. सांगलीत मी जिथे जिथे चुकलो होतो, तिथे तिथे तेही तसेच चुकत होते.