देव सांगून जातो

मुक्ता आणि ओजस,

सोलापूरची एसटी येईपर्यंत ताराअक्का माझ्याशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. अणदूरच्या थांब्यावर माझी ट्रंक, ज्वारीचं पोतं आणि मुक्ताची चाकं लावलेली गुलाबी बॅग असा विचित्र संसार मांडून आम्ही उभ्या होतो. मुक्ता, तू नुकतीच मस्कतहून आली होतीस. कानात पांढरी बोंडं घालून तू ट्रंकेवर बसली होतीस. गाडी दिसली तशी अक्कांनी पदराखालून एक गाठोडं काढून माझ्या हातात कोंबलं.

"शेंगाची चटणी हाय. पुण्याच्या लोकास्नी देऊ नगं, उगं बोंबलतेत."

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आन् मास्तरीणबाई, जातीस तर सांगून जा, कवा येतीस. आपला देव बी सांगून जातो."

ओजस, तुला अक्का आठवणार नाहीत. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. आमच्या दोघींच्या घरांना एकच भिंत, आणि त्या भिंतीत हात जाईल एवढा एक कोनाडा आरपार फोडलेला. विरजण, कढीपत्ता, वर्तमानपत्र आणि भांडणं, सगळं त्यातूनच ये-जा करायचं. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. मी गावातल्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, म्हणून त्यांच्या लेखी मी कायमची मास्तरीण.

आणि देवाचंही तुला सांगायला हवं. आपला खंडोबा दोन गावांचा आहे. वर्षातला बराच काळ तो अणदूरला आपल्याकडे असतो आणि थोडा काळ नळदुर्गला जातो. त्याला हलवण्याआधी दोन्ही गावचे मानकरी समोरासमोर बसतात आणि करार होतो: देव कधी जाणार, कधी परत येणार. मग पालखी निघते. माझं माहेरही याच गावातलं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच गावांचे देव असेच करार करून फिरत असतील. आमच्या गल्लीत कुणी नुसतं "येते" म्हणून उंबरा ओलांडला तर मागून हमखास आवाज यायचा, "येते म्हंजी कवा?"

म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी मी मुक्ताला देवळात नेलं. तिच्या कपाळाला भंडारा लावला आणि आमच्या रीतीप्रमाणे विचारलं, "किती दिवसांसाठी नेतेस मला?"

"चार वर्षं, आजी," तू म्हणालीस, मुक्ता. "माझी डिग्री झाली की मी स्वतः तुला इथं आणून सोडीन."

तेच मी अक्कांना एसटीच्या खिडकीतून सांगितलं. "चार वर्षं, अक्का." त्यांनी मान हलवली. "व्हय? मग मी हाय तवर येतीस," म्हणाल्या, आणि पाठ फिरवून घराकडे चालायला लागल्या. गाडी सुटायच्या आत.

मला खरं तर जायचं नव्हतं. तुमच्या बाबानं, विवेकनं, मस्कतहून पुन्हा पुन्हा फोन केले. पोरगी एकटी पुण्यात कशी राहील, हॉस्टेलचं जेवण तिला सोसत नाही, तू इंग्रजीची बाई, तुला शहराचं कसलं भय. निवृत्तीनंतर दर रविवारी माझ्या पुढच्या खोलीत गावातल्या मुली इंग्रजी बोलायला शिकत. त्या मुलींना मी "चार वर्षांनी" असं सांगून घरी पाठवलं, फळा शाळेला देऊन टाकला आणि दाराला कुलूप लावलं.

पुण्यात आमचा फ्लॅट सातव्या मजल्यावर होता. गेटवर कुणी आलं की माझ्या फोनवर वर्दी येई आणि मी बटण दाबून त्याला आत घ्यायचं. पहिल्या महिन्यात चुकीचं बटण दाबून मी गॅसवाल्याला तीनदा परत पाठवलं. लिफ्टमध्ये लोक एकमेकांच्या चपलांकडे बघत उभे राहत. मी "गुड मॉर्निंग" म्हटलं की दचकत. भिंतीपलीकडे एक जोडपं राहत होतं. त्यांच्या मिक्सरचा आवाज मला पाठ झाला, त्यांची नावं शेवटपर्यंत कळली नाहीत. तरीही मी शिस्तीनं राहिले. सकाळी मुक्ताचा डबा, अकरा वाजता भाजी, दुपारी वाचन, संध्याकाळी भाकरी. आपण काही काळासाठी आलो आहोत हे माहीत असलं की माणूस कुठंही नीट राहू शकतो.

आणि मला तुझं शिक्षण आवडायला लागलं, मुक्ता, हेही लिहायला हवं. मेकॅट्रॉनिक्स म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा मी गॅसपाशी उभी होते. तू म्हणालीस, "आजी, तू दूध तापवतेस ना? तुझा डोळा म्हणजे सेन्सर. दूध वर येतंय हे तो सांगतो. डोकं म्हणजे कंट्रोलर. ते ठरवतं. आणि बटण फिरवणारा हात म्हणजे मोटर. यंत्र, वीज आणि कॉम्प्युटर, तिघांना एकत्र नांदवायचं, ते मेकॅट्रॉनिक्स."

"म्हणजे एकत्र कुटुंब," मी म्हटलं.

"हो, फक्त यात कुणी रुसत नाही."

जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग तुझा झाला. तिथं मोटारी, वायरी, सोल्डरिंगचा धूर. त्यातून तू एक यांत्रिक हात उभा केलास, माझ्या कोपरापर्यंतच्या हाताएवढा. तो द्राक्षाचे मणी उचलून आकाराप्रमाणे वाट्यांमध्ये टाकायला शिकत होता. डिग्री झाल्यावर गावाकडे द्राक्षाच्या शेडमध्ये असाच मोठा हात बसवायचा, असं तूच म्हणत होतीस. मी मणी धुऊन पुसून त्याच्यापुढे ठेवायची. तो चुकला की ते मणी खायची.

एक दिवस तो हात भलताच फिरला. सर्रकन वळला आणि टेबलावरचा माझा चष्मा उडवून त्यानं फरशीवर आपटला. मी त्याच्यावर चिडले. तू खाली बसून वायरी तपासल्यास आणि म्हणालीस, "आजी, त्याचा दोष नाहीये. आपण कुठं आहोत, हे त्याला सेन्सरनंच खोटं सांगितलं. ही वायर सुटली होती. मग तो बिचारा बरोबरच वागला, पण भलत्याच जागी."

ते वाक्य मला फार आवडलं. फोनवर मी ते अक्कांनाही ऐकवलं. "म्हंजी आमच्या मालकावानीच," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी खूप हसलो.

दुसऱ्या वर्षी मुक्ता जर्मन शिकू लागली. चांगली यंत्रं जर्मनीची, त्यांची माहितीपुस्तकं जर्मनमध्ये, म्हणून येत असलेलं बरं, असं तिनं मला सांगितलं. मला ते पटलं. भाषा शिकवणं हा माझा धर्म. मी कार्डं कापली, एका बाजूला जर्मन शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी. रोज भाकऱ्या थापताना मी विचारायची आणि ती उत्तरं द्यायची. उच्चार चुकला तर मी तिच्याकडून पुन्हा म्हणून घ्यायची. माझ्या नातीला माझ्यापासून लांब नेणारे शब्द मी स्वतः तिच्याकडून घोटून घेतले.

त्याच हिवाळ्यात अक्का अंथरुणाला खिळल्या. त्यांची सून रेखा फोन त्यांच्या कानाला लावून धरायची. अक्कांचं विचारणं एकच. "कवा येतीस गं?"

मी मुक्ताची परीक्षा बघितली, प्रॅक्टिकल बघितलं, आणि म्हणाले, "अक्का, निम्मी वर्षं सरली. मुक्ताची डिग्री झाली की आलेच. थांबा तेवढं."

"थांबते की," त्या म्हणाल्या. "मला कुटं जर्मनीला जायाचंय?"

हे त्या गमतीनं म्हणाल्या होत्या. जर्मन शब्दांची गोष्ट मीच त्यांना सांगितली होती. मुक्ता तेव्हा समोर बसून भाकरी खात होती. तिनं मान वर केली नाही.

अक्का थांबल्या नाहीत. मला निरोप मिळाला तेव्हा तुझा सबमिशनचा आठवडा होता, मुक्ता. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. दोन दिवस राहून मी परत आले, कारण मी चार वर्षं कबूल केली होती.

आणि मग ती दुपार. मुक्ताची मैत्रीण सानिया जेवायला आली होती. ती धाराशिवची, तिच्याच वर्गातली. ती आली की घरात आपल्याकडची बोली यायची, म्हणून मला ती फार लाडकी. शेंगाची चटणी तिनं दोनदा मागून घेतली आणि सहज विचारलं, "आजी, मुक्ता गेल्यावर तुमी हितंच ऱ्हाणार का गावाकडं?"

"कुठं गेल्यावर?"

"जर्मनीला. आता पुढची दोन वर्षं तिकडंच की. तिचा कोर्सच तसाय, निम्मा हितं, निम्मा तिकडं. माजा साधा हाय, मी हितंच." मग तिनं माझा चेहरा बघितला, मुक्ताचा बघितला, आणि हातातला घास ताटात ठेवला. "या अल्ला," ती हळूच म्हणाली. "आजीला न्हाय सांगितलंस व्हय?"

मुक्ता, तू म्हणालीस, "आजी, मी सांगणारच होते."

"कधीपासून ठरलं होतं?"

"ॲडमिशनच तशी होती," तू म्हणालीस. "बाबा म्हणाले, आत्ता नको सांगू."

म्हणजे देवळात कपाळावर भंडारा घेऊन तू चार वर्षं म्हणालीस, तेव्हा ती दोन आहेत हे तुला माहीत होतं. ती डिग्री पुण्यात पूर्ण होणारच नव्हती, हेही. मला आणून सोडायला तू इथं असणार नाहीस, हे माहीत असताना तू "स्वतः आणून सोडीन" म्हणालीस.

मी विवेकला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "आई, खरं सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "आले नसते. म्हणूनच तर माणसाला विचारायचं असतं."

तुझं शिकणं मला नको होतं असं नाही. दोन वर्षं म्हणाला असतात तर कदाचित मी आलेही असते. अक्का तशा पडल्या तेव्हा मात्र मी उठून गावी गेले असते, कारण जी तारीख खरीच नाही ती पाळण्यासाठी कुणी थांबत नाही. तुम्ही मला दिलेलं खोटं मी खरं समजून अंथरुणाला खिळलेल्या बाईला दिलं, आणि ती त्यावर विश्वासून गेली. मी बरोबरच वागले, मुक्ता, पण भलत्याच जागी. वायर सुटली नव्हती, ती तुम्ही काढून ठेवली होती.

पावसाळा सरता सरता मुक्ता गेली. मी तिला डबा दिला, विमानतळावर सोडलं. तिनं मला मिठी मारली. "येते" म्हणाली. मी "कधी" असं विचारलं नाही. त्यानंतर मी ज्वारीचं उरलेलं पीठ सानियाला दिलं, फ्लॅटच्या किल्ल्या मालकाला दिल्या आणि एसटीनं एकटी अणदूरला आले. थांब्यावर चहावाल्यानं विचारलं, "बाई, सोडाया कोन न्हाय आलं?" मी त्याला दोन्ही हातांतल्या पिशव्या दाखवल्या. "ह्या आल्यात की," म्हटलं.

तेव्हा देवही घरी नव्हता, नळदुर्गला गेला होता. रिकाम्या गाभाऱ्यासमोर मी उभी राहिले, पण मला वाईट वाटलं नाही. तो कधी येणार हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आणि ठरल्या दिवशी तो आला. वाजतगाजत, भंडाऱ्यानं गल्ली पिवळी करत. रेखानं आणि मी एकाच ताटातून त्याला ओवाळलं. अक्कांची त्या दिवशी मला फार आठवण आली.

हे सगळं आज लिहायचं कारण, ओजस, काल तुझ्या बाबाचा फोन आला. तुलाही मेकॅट्रॉनिक्सला पुण्यात ॲडमिशन मिळते आहे. "आई, या वेळी सगळं खरं सांगतो," तो म्हणाला. "येशील ना? तोपर्यंत घर भाड्यानं देऊन टाकू." मग तू फोन घेतलास आणि विचारलंस, "आजी, तिथं तुझ्यासाठी आता आहेच कोण?"

तुझा प्रश्न रास्त आहे. अक्का नाहीत. रविवारच्या मुली आता सोलापूर रस्त्यावरच्या क्लासला जातात. पुण्यात मी गावाची वाट बघत होते आणि इथं कधीकधी संध्याकाळी हात आपोआप दोघींच्या भाकऱ्यांचं पीठ घेतो. पूर्वी मला वाटायचं, घर म्हणजे जिथून आपण निघतो ती जागा. ती जागा आहे, पण ज्या माणसाला परतायची तारीख सांगितली होती ते माणूस तिथं नाही.

तरी मी येणार नाही, बाळा. तू शीक, चांगलं शीक. तुमच्यावर माया नाही असं नाही, पण तुमच्या शब्दावर हे घर मी आता बंद करणार नाही. तुम्हा दोघांना यायचं असेल तेव्हा या. यायचं नसेल तर तसं सांगा, तेही मी ऐकून घेईन. फक्त मधलं काही सांगू नका.

परवा मी खंडोबाला निघाले. कोनाड्यातून रेखाला म्हटलं, "येते गं."

पलीकडून लगेच आवाज आला, अगदी अक्कांच्या वळणाचा, "येते म्हंजी कवा?"

"दिवे लागायच्या आत," मी म्हणाले.

आणि दिवे लागायच्या आत आले.

तुमची,
आजी