परवान्याबाहेरचा माणूस

मलकापूरला रेल्वेतून उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत मूर्तिकामाचं मेण होतं आणि डोक्यात फाजील आत्मविश्वास. पैकी मेण धामणगाव बढ्याच्या एसटीतच गेलं. जागा नव्हती म्हणून पिशवी ड्रायव्हरशेजारच्या बोनेटवर ठेवली, आणि उतरताना पाहतो तर मेणाचं पिठलं झालेलं.

मी पुण्यातल्या एका लहान कंपनीत सिनेमातल्या पात्रांच्या वीतभर बाहुल्या घडवतो. मुलांनी खेळायच्या नव्हेत, हौशी माणसं विकत घेऊन काचेच्या कपाटात मांडतात त्या. धामणगावजवळच्या एका वस्तीवर कपाशीच्या शेतकऱ्यावरचा सिनेमा चित्रित झाला होता आणि त्याच्या बाहुल्यांचा परवाना आमच्याकडे आला होता. कपडे, अवजारं, माणसं स्वतः पाहून ये, म्हणून मला पोळ्याच्या तोंडावर धाडलं होतं.

मला घ्यायला सलीमभाई आले. ते फवारणीचे पंप दुरुस्त करतात, चित्रीकरणाला लागणारं गावचं सामानही त्यांनीच पुरवलं होतं. त्यांच्या मोटारसायकलवरून जाताना दोन्ही अंगांना हिरवीगार पऱ्हाटी (कपाशी) दिसत होती. मी खूश होऊन फोटो काढू लागलो.

"वरून चांगलीच दिसते साहेब," सलीमभाई म्हणाले. "बोंड फोडून पाहा."

फोडलं. आत गुलाबी अळी आरामात बसली होती.

"बीटी बियाणं आलं तवा लोक म्हने, आता अळी नाही, फवारा सुटला. मी दुकानात माश्या मारत बसलो होतो. आता पंप ठेवाले जागा नाही."

"म्हणजे धंदा बरा आहे."

"हाव. धंदा बरा हाये," ते म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारली.

त्या सिनेमात एक फवारणीवाला दिसतो. पाठीवर पंप, तोंडाला टॉवेल, सकाळच्या उन्हात फवाऱ्यातून चालत येतो आणि निघून जातो. सबंध सिनेमात मला तेवढंच खरं वाटलं होतं. तो नट नव्हता. देविदास त्याचं नाव, वस्तीवर सगळे देवा म्हणत; लोकांच्या शेतांत रोजानं फवारणी करायचा. सिनेमा लागला त्याच हंगामात एकदा वारा फिरला, औषध अंगावर आलं, आणि इस्पितळातून तो जिवंत परतला नाही. सलीमभाईंनी मला त्याच्या बायकोच्या, विमलबाईंच्या घरी नेलं.

बाईंनी आधी जेवायला वाढलं. कळण्याची भाकर (ज्वारी-उडदाची), ठेचा, कांदा. मग विचारलं, "माह्या मालकाची मूर्ती करून राह्यले म्हने तुमी?"

मी हो म्हणालो. कोणाच्या बाहुल्या करायच्या हे अजून ठरायचं आहे, अशी माझी समजूत होती.

"फोटो हाये त्याहिचा, पन लग्नातला. त्यात दुसऱ्याचाच कोट घातलेला हाये. हे घ्या, हा सदरा खरा." त्यांनी पेटीतून चौकड्यांचा, कॉलर विरलेला सदरा काढून माझ्यापुढं ठेवला.

मेण नव्हतंच, म्हणून कुंभाराकडची पोळ्याच्या बैलांची माती आणली. ज्यांच्या दावणीला जनावर नाही, त्या घरांत पोळ्याला मातीची जोडी पुजतात. कुंभार बैल करत होता त्याच मातीतून मी विमलबाईंच्या अंगणात देविदास करायला बसलो. त्या समोर बसून सांगत होत्या.

"उजवा खांदा खाली घ्या. पंपानं उतरला होता तो."

मी खांदा उतरवला.

"टावेल नाकावर नसे ठेवत. गरमी होते म्हने. खाली ओढून घेत."

मी टॉवेल हनुवटीवर आणला. संध्याकाळी सलीमभाई आले, उकिडवे बसले, बराच वेळ पाहत राहिले. "देवा आला बे," एवढंच पुटपुटले. इतकं समाधान मला माझ्या कामात फार थोड्या वेळा मिळालं आहे.

फोटो आमच्या साहेबांना पाठवला. लगेच फोन आला.

"सुंदर आहे, पण चालणार नाही. परवान्यात नायक, नायिका आणि बियाण्यांचा व्यापारी, एवढेच आहेत."

"हा माणूस सिनेमात दिसतो."

"सिनेमात दिसतो, करारात नाही. आणि पंप तर मुळीच नको, सिनेमाला औषधवाल्यांचा पैसा आहे. नायकाच्या हाती नांगर दे."

"इथं ट्रॅक्टर चालतो हो."

"पोस्टरवर नांगर आहे. सदरा मात्र झकास, तो नायकाला घाल. आणि ही माती मोडून टाक. बाहेर राहिली तर परवाना जाईल."

मी विमलबाईंना सांगितलं.

"सिनेमात दिसते, मंग बनत काऊन नाही?" त्यांनी विचारलं.

"त्यांच्या चेहऱ्याचा करार झालेला नाही."

"आन सदऱ्याचा?"

सदऱ्याचा नमुना निर्मात्यांच्या कपडेपटानं चित्रीकरणातच नोंदवून घेतला होता, म्हणजे तो करारात बसत होता. सदरा चालतो, असं मी म्हणालो. त्यांनी सदऱ्याची घडी घालून तो पेटीत ठेवला.

मूर्ती मी मोडली नाही. दुसऱ्या दिवशी पोळा होता. विमलबाईंनी पाटावर मातीची जोडी मांडली, शेजारी देविदासला उभं केलं, तिघांना हळदकुंकू वाहिलं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. पूजा झाल्यावर त्यांनी बैल उचलून घराच्या टिनांवर (छपराच्या पत्र्यांवर) ठेवले. त्या वस्तीवर तशीच रीत आहे, बैल पावसानं विरघळून जायचे. मग त्यांनी देविदासलाही वर ठेवलं.

"याला तरी घरात ठेवा," मी कळवळून म्हणालो.

"पुजलेली माती घरात नाही ठेवत भाऊ. मले पुजाले नव्हतं पाहिजे. हात जोडल्या गेले."

मी मोताळ्याच्या एसटीत बसलो तेव्हा घाटाकडून आभाळ भरून येत होतं.

प्रवासाहून परतलं की मन थोडं मोठं झाल्यासारखं वाटतं, असं मी पूर्वी लिहीत असे. या वेळी तसं काही झालं नाही. काचेच्या कपाटात कोणी उभं राहायचं हे ठरवणारे लोक फवारा उडतो त्या बांधावर कधी येत नाहीत, आणि मी येऊनही काही केलं नाही. बाहुल्या दिवाळीला बाजारात आल्या. व्यापाऱ्याची सगळ्यांत जास्त खपली. नायकाची एक मी सलीमभाईंच्या पत्त्यावर पाठवली.

त्यांचा फोन आला. "वयनीनं (वहिनीनं) सदरा ओळखला," ते म्हणाले. "विचारून राह्यली, तो काढता येते का त्याच्या अंगातून?"

"नाही," मी म्हणालो. "सदरा आणि अंग एकाच साच्यात ओततात."