वाकून कुणी पाहिलं नाही

काळी, लांबलचक, परदेशी बनावटीची ती गाडी आमच्या दारात आली तेव्हा अर्धी गल्ली बघायला जमली होती. आमचे हे जिल्हा परिषदेत अभियंता. त्यांचा निम्मा जन्म एसटीत गेला आणि उरलेला मोटरसायकलवर. जुनी का असेना, आपल्याकडं भारी गाडी असावी असं त्यांच्या फार मनात होतं. मला त्याचा राग नव्हता. यांच्या आजोबांना गावातून जाताना चपला हातात घ्याव्या लागायच्या. नातू चामड्याच्या सीटवर बसला तर माझ्या का पोटात दुखावं?

गाडीला पंधरा वर्षं होत आली होती. नोंदणी पुढं चालू ठेवायची तर तपासणी करून घेणं भाग होतं. शहराबाहेर एक खासगी तपासणी केंद्र होतं. माझी दवाखान्यातली ड्यूटी दुपारची होती, म्हणून मीही सोबत गेले.

आमच्या पुढं भाजीचा टेम्पो होता. दोन माणसं बॅटरी घेऊन त्याच्याखाली शिरली, चाकं हलवून पाहिली. एक इंडिकेटर लागत नव्हता म्हणून टेम्पो नापास झाला. ड्रायव्हर हात जोडत राहिला, पण त्याला परत पाठवलं. कडक आहेत, म्हटलं, बरं आहे.

मग आमचा नंबर आला. तपासनीस हात पुसून गाडीत बसला. सीट मागंपुढं करून पाहिली, गाणं लावलं, हॉर्न वाजवला. दुसऱ्यानं नंबर प्लेटचा फोटो काढला आणि गाडीला टेकून स्वतःचाही काढला.

"झालं साहेब. पास."

मी म्हटलं, "ब्रेक तपासले नाहीत तुम्ही."

"मॅडम, हा काय भाजीचा टेम्पो आहे का? असल्या गाड्यांना काय होत नसतं."

आमचे हे हसले. त्याच्याबरोबर हसले! ते हसू मला अजून आठवतं आणि अजून डोक्यात तिडीक जाते.

त्यानंतरच्याच रविवारी नांदेडला नणंदेच्या मुलीचं बारसं होतं. हे गाडी चालवत होते, मी शेजारी आणि सासूबाई मागं. लातूर सोडल्यापासून त्या खिडकीची काच खालीवर करत होत्या. "लई भारी हाय बाई," म्हणत होत्या. लोह्याच्या अलीकडं उसानं भरलेली ट्रॉली पुढं थांबलेली दिसली. यांनी ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला गेलं. गाडी जराशी मंदावली, पण थांबेना. हे नुसतेच "अगं, अगं" करत राहिले आणि शेवटच्या क्षणी त्यांनी स्टिअरिंग डावीकडं ओढलं. आम्ही रस्त्याकडेच्या चारीतून उडून तुरीच्या शेतात जाऊन आदळलो.

आम्हा पुढच्या दोघांना मुका मार लागला. सासूबाई पुढच्या सीटवर आपटल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. मी वर्तमानपत्राची जाड घडी केली, हाताखाली घातली आणि ओढणीनं बांधली. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पोरीचं बारसं हुकलं की गं."

गाडी ओढून लातूरला आणली. आमच्या ओळखीच्या मिस्त्रीभाईंनी ती उचलून धरली आणि मला खाली बोलावलं. मागच्या चाकाकडं जाणारी ब्रेकची नळी गंजून चाळण झाली होती. "ये आज का नहीं है, बाजी," ते म्हणाले. खाली वाकलेल्या कुणालाही दिसलं असतं. मला गाडीतलं काही कळत नाही, तरी मलाही दिसलं.

मी सासूबाईंना घेऊन, त्यांच्या हाताच्या प्लास्टरसकट, त्या केंद्रावर गेले. तोच तपासनीस होता. म्हणाला, "आमच्याकडं आली तेव्हा ठीक होती. नंतर बिघडली असेल."

"चार दिवसांत लोखंड असं गंजतं?"

"मॅडम, आवाज करू नका. पास झालीय तुमची गाडी. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

"नापास करा," मी ओरडले. "बघा आणि नापास करा!"

रांगेतले लोक हसायला लागले. नापास करा म्हणून भांडणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. सासूबाईंनी प्लास्टरचा हात त्याच्या टेबलावर ठेवला. "बाबा, तू वाकला न्हाईस म्हणून हे झालं." तो फोन कानाला लावून आत निघून गेला.

खरा स्फोट घरी झाला. यांनी वाकलेला पत्रा सरळ करून घेतला, ब्रेकचं तेल भरून घेतलं, नळी मात्र तीच ठेवली. गाडी विकायची म्हणाले. मुरुडहून एक शिक्षक बायको आणि लहान मुलीला घेऊन गाडी बघायला आले. "जय भीम, ताई," म्हणून बसले. यांनी त्यांच्यापुढं पास झाल्याचा कागद ठेवला.

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मी तो खाली ठेवला आणि म्हटलं, "दादा, या गाडीचे ब्रेक गेलेत. माझ्या सासूचा हात बघा."

"अगं, आत जा तू," हे दबक्या आवाजात म्हणाले.

"न्हाई जात."

शिक्षक गोंधळले. "पण ताई, तपासणीत तर पास आहे..."

मी चावी घेतली आणि त्यांना दारातल्या उभ्या गाडीत बसवलं. "इंजिन चालू करा आणि ब्रेक दाबून धरा." त्यांनी दाबला. पेडल हळूहळू खाली जात राहिलं. मागच्या चाकापाशी फरशीवर तेल ठिपकलं. त्यांच्या बायकोनं मुलीला कडेवर घेतलं आणि ती फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. चहा न घेताच ती मंडळी गेली.

त्या संध्याकाळी हे माझ्यावर लई चिडले. घरची इज्जत घालवली, म्हणाले. सासूबाई बाजेवरून उठल्या. "तुझ्या आईचा हात मोडला तवा तुझी इज्जत कुठं होती रे?" पुढच्या आठवड्यात यांनी सगळ्या नळ्या बदलून घेतल्या.

मी त्या केंद्राची आरटीओकडं तक्रार केली. खूप दिवसांनी उत्तर आलं की वाहनाची तपासणी नियमानुसार झाली आहे. मी ते दोनदा वाचलं आणि चुलीत घालावंसं वाटलं, पण घालायला घरात चूल नाही, गॅस आहे. ते केंद्र अजून चालू आहे, बाहेर तशीच रांग असते.

सासूबाईंचं मनगट पुरतं वळत नाही. त्या ज्वारीचं पीठ मळतात, गोळा करतात, परातीत ठेवतात. मग मला हाक मारतात आणि भाकरी मी थापते.