अर्ध्या तासाची तहकुबी

"आजी, तुमचा राजीनामा मी मांडतो, पण अनुमोदन कुणाचं घेऊ?" सेक्रेटरीनं विचारलं. सतरंजीवर मी एकटीच होते.

त्र्यंबकेश्वरात यात्रेकरूंना घरच्या खोल्या देणाऱ्यांची ती संघटना. हा माणूस वर्षातून एकदा सभेत दिसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. पूर्वी खोल्या भरल्या की यात्रेकरूला चिठ्ठी देऊन आम्ही दुसऱ्या सभासदाकडे धाडायचो. आता लोक मोबाइलवरच खोली ठरवून येतात. चिठ्ठ्या थांबल्या, मग सभासदही यायचे थांबले.

माणसं कमी म्हणून त्यानं नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब केली. तेवढ्यात त्यानं सभासदांसाठी पुसून मांडलेले चहाचे कप एकेक करून पालथे घातले, दोन सोडून. मग उभं राहून मागच्या सभेचं इतिवृत्त मोठ्यानं वाचलं.

"कुणाला ऐकवतोस रे बाबा?"

"तुम्हाला. तुम्ही सातव्या सभासद, आणि सातांच्या खाली नोंदणी टिकत नाही. तुम्ही गेलात की संघटना मोडली."

मला त्याचा राग आला, माझाही आला. पण सुनेनं आमच्या खोल्या मोबाइलवर टाकल्याच होत्या. अनुमोदन मीच दिलं.

त्यानं वहीत लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर.' सर्व म्हणजे तो आणि मी.